मार्क द्यायचेच असतील तर गोधडीची उलटी बाजू बघून द्या

स्पष्टच लिहिते. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घरी करायला दिलेला शिवणकामाचा प्रोजेक्ट म्हणजे शिक्षण नव्हे. ती आईची, आजीची नाहीतर बाजारातल्या दुकानदाराची परीक्षा असते, आणि मार्क मात्र मुलाच्या नावावर पडतात. शिवणकाम नको, जुनाट आहे, असं माझं म्हणणं अजिबात नाही. मी याच सुईवर पोट भरते. शिवणकाम शाळेत हवं, मुलींना हवं आणि मुलांनाही हवं, म्हणूनच हे लिहितेय. पटलं नाही तर भांडा, पण पूर्ण वाचून भांडा.

बार्शीत माझं ब्लाउज आणि पिको-फॉलचं छोटं दुकान आहे. दिवाळीआधी मान वर करायला वेळ नसतो. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराईची कामं सुरू होतात. मधले जे आठ-दहा दिवस जरा मोकळे मिळतात, त्यात हल्ली ‘प्रोजेक्टवाले’ येतात. यंदा एका शाळेने सातवीला गोधडीचा नमुना दिलाय. एक फूट बाय एक फूट, कापडाचे तीन थर, संपूर्ण हातशिलाई, कडेने गोट, आणि सोबत दोन पानांत साहित्य व कृती. दुसऱ्या एका शाळेने नाडीचा बटवा दिलाय. आठ दिवसांत माझ्याकडे अकरा पालक आले. शिकवा म्हणून आले दोघं. बाकी नऊ जणांचं म्हणणं थोड्याफार फरकाने एकच होतं: “ताई, तुम्हीच शिवून द्या. पण जरा वाकडंतिकडं शिवा, बाईंना खरं वाटलं पाहिजे.”

हे वाक्य परत एकदा वाचा. ज्या कामात मी हात बसवायला वर्षं घालवली, ते काम मुद्दाम बिघडवून द्यायचे पैसे मला मिळणार होते. आणि हे मागताना आईबाप शेजारी मुलाला उभं करून मागत होते! पोरगं ऐकतंय. त्याच्या डोक्यात काय पक्कं होतंय? टाका कसा घालायचा हे नाही. खोटं काम खरं कसं दाखवायचं, ते. मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं. शिवून देणार नाही, पोराला दुपारी पाठवा, बसवून शिकवते, पैसे नकोत. नऊपैकी एकही आलं नाही. बाजारात तयार नमुना अडीचशे रुपयांना मिळतो म्हटल्यावर कोण कशाला येईल?

तुम्ही म्हणाल, पालकच खोटारडे. मला तसं वाटत नाही. पालकांना या कोपऱ्यात कुणी ढकललं, ते बघू या.

माझी पुतणी सातवीत आहे. तिला सुट्टी सोळा दिवसांची. त्या सोळा दिवसांचा अभ्यास मी तिच्या वहीतून उतरवून घेतला. रोज एक पान मराठी शुद्धलेखन, रोज एक पान इंग्रजी. गणिताचे दोन सरावसंच. विज्ञानाची प्रकल्पवही. भूगोलाचे चार नकाशे. इतिहासाला पाच किल्ल्यांची चित्रं आणि माहिती. हिंदीचे दोन निबंध. परिसर स्वच्छतेवर एक तक्ता. आणि कार्यानुभवाला ही गोधडी. यात क्लासची टेस्ट सिरीज धरलेली नाही, कारण क्लासला सुट्टी फक्त चार दिवस. आता त्याच सोळा दिवसांत घराची झाडलोट आहे, फराळाला हात लावायचाय, अंगणात किल्ला करायचाय, पहाटेची अंघोळ आहे, पाडवा आहे, भाऊबीजेला मामाच्या गावी जाणं-येणं आहे. पोरीने खेळायचं कधी? नुसतं लोळायचं कधी? लोळण्यालाही सुट्टीच म्हणतात हो.

केंद्र सरकारचं २०२० चं दप्तराचं धोरण आहे. त्यात दप्तराच्या ओझ्याबरोबर गृहपाठाचीही मर्यादा सांगितलेली आहे. दुसरीपर्यंत गृहपाठ नाही. तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. सहावी ते आठवी दिवसाला जास्तीत जास्त एक तास. म्हणजे शाळा चालू असतानाची मर्यादा एक तास, आणि सुट्टीत मात्र प्रत्येक विषयाच्या शिक्षकाने आपापला गठ्ठा बांधून द्यायचा. एकाने दुसऱ्याला विचारायचं नाही की बाबा रे, तू किती दिलंस.

आता नुसत्या त्या गोधडीचा हिशेब घालू. गोधडी म्हणजे चार उलटेसुलटे टाके, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी मुद्दाम घालतेय. बारा इंच बाय बारा इंचाचा तुकडा. अर्ध्या अर्ध्या इंचावर धावदोऱ्याची ओळ धरली तर साधारण २४ ओळी. प्रत्येक ओळ १२ इंच, म्हणजे एकूण २८८ इंच शिवण. इंचाला पाच टाके धरले तर १,४४० टाके. नवख्या मुलाचे मिनिटाला पाच टाके पडले तरी खूप झाले. म्हणजे नुसत्या धावदोऱ्याला जवळजवळ पाच तास. त्यात कापड बेतणं, थर जुळवणं, कच्चे टाके घालणं, गुंता सोडवणं, चुकलेलं उसवणं, गोट लावणं धरा. सात-आठ तासांचं काम झालं. दिवसाला एक तास या हिशेबाने सोळातले आठ दिवस फक्त गोधडी, बाकी सगळ्या वह्या बंद.

हा हिशेब शाळेत कुणी केला होता का? नसणार, कारण काम देणाऱ्याने ते स्वतः करून बघितलेलं नसतं. स्वतः एकदा शिवून बघा आणि मग द्या, एवढं साधं म्हणणं आहे.

आणि ही हातशिलाई किती किचकट असते तेही सांगते. नवखं मूल पहिल्यांदा दोरा घेतं तो दोन हात लांब, कारण सारखा सारखा ओवायचा कंटाळा. तो तिसऱ्या टाक्याला गुंततो. दोरा बोटांपासून कोपरापर्यंतच घ्यायचा, हे कुणीतरी सांगावं लागतं. दोऱ्याचं टोक तिरकं कापलं की नेढ्यातून पटकन जातं. दोऱ्यावरून मेणाचा तुकडा फिरवला की गाठी कमी पडतात. तीन थर एकमेकांवर नुसते ठेवून शिवायला बसलं की खालचा थर सरकतो आणि शेवटच्या ओळीला वरचं कापड दोन बोटं जास्त उरतं. म्हणून आधी मोठे कच्चे टाके घालून थर धरून ठेवायचे. दोरा ओढायचा, पण किती? जास्त ओढला तर चुण्या पडतात, कमी ओढला तर टाका लोंबतो. हे ‘किती’ पुस्तकात लिहून येत नाही. शेजारी बसलेल्या माणसाने “बघ, एवढा” म्हणून दाखवावं लागतं. जाड कापडातून सुई ढकलताना मागचं टोक बोटात घुसतं, तेव्हा अंगुस्तान बोटात घालायला द्यावं लागतं.

पुतणी तीन दुपारी माझ्या दुकानात बसली. पहिल्या दुपारी चार ओळी झाल्या, त्यातल्या दोन उसवल्या. दुसऱ्या दुपारी रडकुंडीला आली आणि सात ओळी केल्या. तिसऱ्या दुपारी माझ्याशी गप्पा मारत मारत अकरा. तिच्या तुकड्यावर डावीकडचे टाके म्हणजे पावसात सापडलेल्या मुंग्यांची रांग, आणि उजवीकडे येता येता टाके सरळ, एकसारखे, जवळजवळ. शिकणं म्हणतात ते हेच, डावीकडून उजवीकडे. ही सुधारणा अडीचशे रुपयांच्या नमुन्यात सापडणार नाही. त्याच्या सगळ्याच ओळी सारख्या. आणि माझ्याकडून मुद्दाम वाकडं शिवून घेतलं असतं, तर सगळ्याच ओळी सारख्या वाकड्या आल्या असत्या.

पण पुतणीच्या घरात दुकानवाली काकू आहे. जिच्याकडे नाही तिचं काय?

आमच्या बाजूला दिवाळीच्या पुढेमागे ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. कितीतरी घरांत आईबाप कारखान्यावर आणि पोरं आजीजवळ. कुठे आई दुसऱ्यांच्या घरची दिवाळीची साफसफाई करतेय, कुठे दुकानात रात्री दहापर्यंत उभी आहे. अशा घरातल्या पोराला ‘घरच्यांच्या मदतीने करा’ म्हणून सांगणं म्हणजे त्याच्या परिस्थितीला मार्क देणं. मागच्या वर्षीची गोष्ट. आमच्या गल्लीतल्या एका मुलीची आजी लोकांच्या गोधड्या शिवून देते. पोरगी लहानपणापासून आजीच्या मांडीला मांडी लावून सुई धरतेय. तिने आजीच्या जुन्या लुगड्याचे तुकडे घेऊन स्वतः नमुना शिवला. रंग विटका, पण टाका असा की मी तिला उद्या कामावर घेईन. तिला ‘ब’ श्रेणी. आणि त्याच वर्गातला सॅटिनचा चकचकीत, लेस लावलेला, कडेला मशीनची टीप स्पष्ट दिसणारा नमुना शाळेच्या प्रदर्शनात मधोमध. आख्ख्या वर्गात जिला खरी गोधडी येत होती, तिला शाळेने सांगितलं की तुझं काम दुय्यम आहे. यापेक्षा मोठा अन्याय त्या विषयात होऊ शकतो का?

गोधडीचं मोलही इथेच ठरतं बघा. चार फूट बाय सहा फुटाची पुरी गोधडी धरा. याच हिशेबाने ९६ ओळी, प्रत्येक ७२ इंच, म्हणजे चौतीस हजारांच्या वर टाके. आणि मजुरी सांगितली की लोक म्हणतात, “एवढी? जुन्या कापडाला?” ज्या मुलाने शाळेत स्वतः १,४४० टाके घातलेत, ते मोठं झाल्यावर अशी घासाघीस करणार नाही. ज्याने विकत आणून मार्क मिळवले, ते नक्की करणार.

अजून एक. यंदाच्या प्रोजेक्टमध्ये मुलांना पर्याय होता: गोधडी किंवा किल्ल्याची प्रतिकृती. मुलींना पर्याय नव्हता. का बरं? आमच्या बाजारात पॅन्ट-शर्ट शिवणारे सगळे टेलर पुरुष आहेत. पैसे मिळणारं शिवणकाम पुरुषाला चालतं आणि घरातलं फुकटचं शिवणकाम तेवढं बाईचं, हा कुठला न्याय? शर्टाचं तुटलेलं बटण लावायला प्रत्येकाला आलं पाहिजे. बटणाला मुलगा-मुलगी कळत नाही.

आता कायदा आणि धोरण काय म्हणतं ते बघू, म्हणजे ‘दुकानवाली बाई काहीही बोलते’ असं व्हायला नको.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याला एक परिशिष्ट आहे. त्यात लिहिलंय की सहावी ते आठवीच्या शाळेत पट शंभराच्या वर असेल, तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक हवेत. म्हणजे शिवण, सुतारकाम, बागकाम शिकवायला वेगळा माणूस हवा, हे कायद्यानेच मान्य केलेलं आहे. प्रत्यक्षात काय आहे? आपल्या राज्यात या अंशकालीन निदेशकांची आंदोलनं आणि कोर्टकचेऱ्या वर्षानुवर्षं चाललीत. मानधन तुटपुंजं, नेमणूक आज आहे तर उद्या नाही. माणूस नेमायचा नाही, मग विषयाचं करायचं काय? द्या सुट्टीत घरी करायला. झाला विषय पूर्ण.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस ‘दप्तराविना’ ठेवायला सांगितलंय. त्या दहा दिवसांत मुलांनी गावातल्या सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा कसबी लोकांकडे जाऊन काम शिकावं, अशी कल्पना आहे. चांगली कल्पना आहे. सुट्टीतही अशी संधी देता येईल असं त्यात म्हटलंय, हेही मी प्रामाणिकपणे सांगते. पण तिथे अपेक्षा आहे ती कुणाच्या तरी हाताखाली शिकण्याची. कागदावर यादी देऊन मुलाला घरी पाठवण्याची नाही. मी एवढी वर्षं दुकान चालवतेय, एकाही शाळेने मला विचारलेलं नाही की ताई, दोन दिवस येऊन पोरांना सुई धरायला शिकवाल का. माझ्यासारख्या बाया प्रत्येक गल्लीत आहेत.

आणि हे सगळं नवीन आहे का? २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला आपल्याच महाराष्ट्रात, वर्ध्याला, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिथून ‘नई तालीम’ निघाली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याचा अभ्यासक्रम बांधला. त्यातलं मुख्य म्हणणं असं की हस्तव्यवसाय हा शिक्षणाच्या कडेला लावलेला गोट नाही, शिक्षणच त्याच्यामधून द्यायचं. टकळीवर सूत काढताना गणितही आलं, भूगोलही आला. मी वर टाक्यांचा जो हिशेब घातला त्यात क्षेत्रफळ आहे, गुणाकार आहे, वेग आणि वेळ आहे. लुगड्याचं सुती कापड आणि सॅटिन यांत सुई वेगळी का चालते, यात विज्ञान आहे. हा कापूस कुठून आला, यात भूगोल आहे. एक गोधडी वर्गात नीट शिकवली, तर इतर तीन वह्यांचा गृहपाठ वाचेल. आपण मात्र वर्ध्याच्या नावाने भाषणं करतो आणि पोरांना स्टेशनरीच्या दुकानात पाठवतो.

आता नेहमीचे आक्षेप.

“शिक्षकांना वेळ कुठे आहे?” खरं आहे, नाहीच आहे. मतदारयाद्या त्यांच्याकडे, सर्वेक्षणं त्यांच्याकडे, ऑनलाइन माहिती भरणं त्यांच्याकडे. माझा राग वर्गातल्या बाईंवर नाही. चाळीस-पन्नास पोरांच्या हातात एकाच वेळी सुई देऊन एकट्या बाईने लक्ष ठेवणं अवघडच आहे. म्हणून तर म्हणते, निदेशक नेमा, गावातल्या कारागिरांना मानधन देऊन बोलवा. पण वेळ नाही म्हणून जे शिकवलंच नाही त्याची परीक्षा घ्यायची, हे मात्र चालणार नाही.

“आईने मदत केली तर बिघडलं कुठे?” मदतीने काहीच बिघडत नाही. आईने शेजारी बसून शिकवावं, याइतकं सुंदर काही नाही. पण रात्री अकराला, भांडी घासून झाल्यावर, पोरगं झोपलेलं असताना आई एकटी शिवत बसते, तिला मदत म्हणत नाहीत. ती बिनपगारी रात्रपाळी झाली.

“सुट्टीत पोरं मोबाइल बघत बसतात, त्यापेक्षा बरं.” अहो, प्रोजेक्टसाठी तोच मोबाइल हातात द्यावा लागतो! कृती त्यावर शोधायची, चित्रं त्यावरून काढायची, तयार नमुना त्यावरूनच मागवायचा.

“आजच्या काळात शिवून करायचं काय?” पोटासाठी प्रत्येकाने शिवावं असं कोण म्हणतंय? पण हात थांबून थांबून काम करायला शिकतो, चुकलेलं उसवून परत घालायला शिकतो, हे शाळेत दुसरीकडे कुठे मिळतं? गणिताच्या पेपरात चुकलं की लाल रेघ. कापडात चुकलं की उसवा आणि पुढे चला.

आणि श्रेणीबद्दल. कार्यानुभवाला लेखी पेपर नाही, वर्षभराच्या कामावर श्रेणी द्यायची असते. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आपल्याकडे २०१० पासून आहे. ‘सातत्यपूर्ण’ याचा अर्थ मूल शिकताना बघायचं. शाळा उघडल्यावर टेबलावर जमलेला ढीग बघून श्रेणी लावायची, हा त्याचा अर्थ नाही.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

एक, शिवणकाम शाळेच्या तासिकेतच. सुई, दोरा, कापड शाळेने द्यायचं. एक फुटाचा तुकडा पुरा नाही झाला तरी चालेल, चार ओळी वर्गात झाल्या तरी पुष्कळ.

दोन, सुट्टीत एकही नवीन कसब घरी द्यायचं नाही. वर्गात शिकवलेलं एखादं मूल आवडीने घरी करत असेल तर करू दे, त्याला मार्क नकोत.

तीन, सगळ्या विषयांचा मिळून सुट्टीचा अभ्यास मुख्याध्यापकांनी एका कागदावर आणायचा, तासांचा हिशेब घालायचा आणि मगच वाटायचा.

चार, दप्तराविना दिवसांत गावातल्या कारागिरांना बोलवा, आणि पैसे देऊन बोलवा. सत्काराची शाल आणि नारळ नको.

पाच, मुलगा-मुलगी सगळ्यांना एकच काम.

आणि या वर्षीचे ढीग आता जमणारच आहेत, तर बाईंना, सरांना एक हात जोडून विनंती. नमुना हातात आला की आधी उलटा करा. वरची बाजू कुणीही सजवतं. गाठी कुठे मारल्यात, दोरा कुठे संपला, कुठे उसवून परत घातलाय, पहिल्या ओळीपेक्षा शेवटची बरी आलीय का, हे सगळं मागे दिसतं. ज्याची उलटी बाजू गुंतागुंतीची पण सुधारत गेलेली, त्याला ‘अ’ द्या. ज्याची दोन्हीकडून चकाचक, त्याला वर्गात समोर बसवून फक्त पाच टाके घालायला सांगा. ओरडू नका, लाज काढू नका. नाही आले तर शिकवा, तेवढंच.

पालकांनी पुढच्या पालकसभेत तीन प्रश्न विचारावेत. आपल्या शाळेचा पट किती आणि कार्यशिक्षणाचे निदेशक आहेत का? दप्तराविना दहा दिवस कधी ठेवणार आणि कुणाला बोलावणार? सुट्टीच्या अभ्यासाचे एकूण तास किती? उत्तर लेखी मागा. एकट्याने विचारलं तर ‘तुमच्याच पाल्याची तक्रार का’ म्हणतात, म्हणून चार-पाच जणांनी मिळून विचारा.

पटलं तर आपापल्या शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर टाका. कुणाच्या शाळेत हे आधीच नीट चालू असेल तर तेही लिहा, त्याच शाळेचं उदाहरण इथल्या मुख्याध्यापकांना दाखवता येईल.